‘क्रूर’ हे विशेषण कशाचे?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाईंनी आधी शाळेत इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर महिला सल्ला केंद्रात काम केले. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. त्यांच्या दोन्ही कामांना आणि माझ्या व्यवसायालाही लागून असलेला विषय घ्यावा, असे मी ठरवले. हा विषय म्हणजे एक इंग्रजी विशेषण आहे: ‘क्रूएल’. त्याचे नाम ‘क्रूएल्टी’ आमच्या कोर्टात रोज कानावर पडते. घटस्फोटाच्या अर्जात ते असते, कैफियतीत ते नाकारलेले असते, आणि उलटतपासात त्याचीच चिरफाड होते. मराठीत आपण त्याला क्रूर आणि क्रूरता म्हणतो.

गेल्या सव्वादोनशे वर्षांत या शब्दाचा कायद्यातला अर्थ पुष्कळ बदलला. तो कसा बदलला हे मी आज सांगणार आहे. त्यातून मला एवढेच ठसवायचे आहे की हे विशेषण वागणुकीचे आहे, माणसाच्या स्वभावाचे नाही. आणि एखादी वागणूक क्रूर आहे की नाही, हे ती सोसणाऱ्याच्या बाजूला उभे राहूनच ठरवावे लागते.

शब्दाचे कूळ

इंग्रजी ‘क्रूएल’ फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचने तो लॅटिनमधून घेतला. लॅटिनमध्ये ‘क्रूडेलिस’ म्हणजे निर्दय आणि ‘क्रूडुस’ म्हणजे कच्चे, रक्ताळलेले. आपला ‘क्रूर’ संस्कृतातला आहे आणि त्याचाही मूळ अर्थ रक्ताळलेला, कच्चा असाच आहे. कच्चे मांस खाणाऱ्याला संस्कृतात ‘क्रव्याद’ म्हणतात, तेही याच कुळातले. म्हणजे इंग्रजी आणि मराठी शब्द इथे एकमेकांचे भाषांतर नसून सख्खे भाऊबंद आहेत, आणि दोघांच्याही मुळाशी रक्त आहे.

हे रक्त या शब्दाला फार काळ चिकटून राहिले. रक्त दिसले तर क्रूर, नाही दिसले तर काही नाही, अशी समजूत त्यातून घट्ट झाली. आजही एखादी मुलगी माहेरी परत आली की पहिला प्रश्न येतो, ‘मारतो का?’ ती ‘नाही’ म्हणाली की घरातली मोठी माणसे सुटकेचा श्वास सोडतात. त्या एका ‘नाही’नंतर तिचे बाकीचे बोलणे ऐकायला कुणी थांबत नाही.

मराठीत या भोवतालचे शब्द कमी नाहीत. शिस्तीचा बाप कठोर असतो, पण त्या कठोरपणात माया असू शकते. निष्ठुर माणूस दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवतो. दुष्ट माणसाच्या मनातच वाईट असते. क्रूर वागणुकीत मात्र समोरच्याला होणारी वेदना दिसत असते, आणि ती दिसत असूनही वागणे थांबत नाही. ‘क्रूएल’ या शब्दाचा इंग्रजीतला गाभाही हाच आहे. मुद्दाम दुखावणे त्यात येते, आणि दुखते आहे हे कळूनही पर्वा न करणे, तेही येते.

फटका नाही, तर क्रूरता नाही

१७९० साली लंडनच्या धर्मपीठाच्या न्यायालयात एका दांपत्याचा खटला चालला. न्यायाधीश होते सर विल्यम स्कॉट, पुढे लॉर्ड स्टॉवेल म्हणून प्रसिद्ध झालेले. त्यांनी क्रूरतेची जी कसोटी घातली, ती पुढची शंभर-दीडशे वर्षे इंग्रजी कायद्यावर राज्य करत होती. जिवाला, अवयवांना किंवा प्रकृतीला धोका असेल तरच कायदा क्रूरता मानणार, असे त्यांनी सांगितले. नुसते मन दुखावणे पुरेसे नव्हते. स्वभावाचा कडकपणा, वागण्यातली चिडचिड, बोलण्यातला उद्धटपणा हे सारे त्यांनी नावे घेऊन वगळले. बोलण्यातला उद्धटपणा आणि वागण्यातली चिडचिड हे दोन शब्द कृपया ध्यानात ठेवा. मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये नवऱ्याच्या अधिकाराला धक्का लावायला कायदा बिचकत होता. १८५७च्या कायद्याने नवऱ्याला बायकोच्या व्यभिचाराच्या एका कारणावर घटस्फोट मिळू लागला. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग अशी आणखी काही गोष्ट सिद्ध करावी लागे. ही विषमता १९२३ पर्यंत टिकली. नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मिळण्यासाठी १९३७चा कायदा यावा लागला.

त्याच इंग्लंडात गुराढोरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १८२२ मध्येच कायदा झाला होता आणि १८२४ मध्ये त्यासाठी संस्थाही निघाली. मुलांना क्रूर वागणुकीपासून वाचवणारी संस्था लंडनमध्ये निघाली ती १८८४ साली, म्हणजे साठ वर्षांनी. बायकांच्या बाबतीत फ्रान्सेस पॉवर कॉब यांनी १८७८ मध्ये एक लेख लिहिला आणि नवऱ्याच्या मारहाणीला सरळ ‘यातना’ म्हटले. त्याच वर्षी, गंभीर मारहाणीबद्दल नवरा दोषी ठरला तर बायकोला वेगळे राहण्याचा आदेश मिळेल, अशी तरतूद झाली. जनावराची वेदना माणसाला आधी दिसली, कारण तिथे कुणाचा घरातला अधिकार पणाला लागत नव्हता. हा क्रम आपण विसरू नये.

एका पाद्र्याचे घर

१८६९ साली लंडनच्या घटस्फोट न्यायालयात एका पाद्र्याच्या बायकोचा खटला आला. नवऱ्याने तिच्यावर हात उचललेला नव्हता. मग केले काय होते? घरखर्च आणि घराचा कारभार तिच्या हातून काढून घेतला. तिच्याच घरात तिचा शब्द चालेनासा केला. तिच्यावर पाळत ठेवली, तिच्या भेटीगाठी तोडल्या. बायकोने नवऱ्यापुढे नमले पाहिजे हे त्याचे तत्त्व होते, आणि ती नमेपर्यंत हे चालू ठेवायचे असे त्याने ठरवले होते. हळूहळू तिची प्रकृती ढासळली. लॉर्ड पेन्झन्स यांनी निकाल दिला की फटका न मारताही हे क्रूरच आहे, आणि पुढच्या वर्षी अपिलातही तो कायम राहिला.

हा निकाल काळाच्या फार पुढचा होता, तरी त्यातही तिची प्रकृती ढासळली हे दाखवावेच लागले. ती खंबीर राहिली असती तर कदाचित हरली असती. १८९७ मध्ये तसेच घडले, फक्त तिथे सोसणारा नवरा होता. बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू अर्ल रसेल यांच्यावर त्यांच्या पत्नीने अत्यंत घाणेरडा आणि खोटा आरोप जगजाहीर केला. हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले की यातून जिवाला वा प्रकृतीला धोका नाही, म्हणून ही कायद्याच्या अर्थाने क्रूरता नाही. शब्दाचा अर्थ अरुंद असला की त्याचा जाच पुरुषालाही होतो, हे त्या निकालाने दाखवले.

पाद्र्याच्या घरात जे चालले होते, त्याला इंग्लंडमध्ये स्वतंत्र गुन्हा ठरवले गेले ते थेट २०१५ साली. धाकात ठेवणारी आणि सतत ताबा गाजवणारी वागणूक आता तिथे फौजदारी गुन्हा आहे.

आपल्याकडे हा शब्द कसा आला

१८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हिंदू पत्नीचा प्रश्न आला. तेव्हा क्रूरतेची इंग्रजी कसोटीच आपल्याकडे लागू धरली गेली. म्हणजे लंडनच्या धर्मपीठातला तो अरुंद दरवाजा आपल्याही घराला बसवला गेला.

त्यानंतर आठ वर्षांनी, १८८४ मध्ये, रखमाबाईंवर दावा झाला. अकराव्या वर्षी झालेले लग्न त्यांना मान्य नव्हते आणि त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नव्हत्या. कधी नांदल्याच नाहीत, तर मारहाणीचा पुरावा त्या कुठून आणणार? क्रूरतेचा बचाव त्यांच्याजवळ नव्हता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी मात्र हा शब्द वेगळ्याच ठिकाणी वापरला. नको असलेल्या माणसाकडे जाण्याची तरुण स्त्रीवर सक्ती करणे हेच क्रूर आहे, असे ते म्हणाले. क्रूर हे विशेषण त्यांनी नवऱ्याला लावले नाही. ते त्यांनी कायद्याच्या सक्तीला लावले. तो निकाल अपिलात टिकला नाही. १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला, आणि रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. त्या पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. पिन्हींनी त्या दिवशी जे केले त्याचे मोल मला मोठे वाटते, कारण माणूस बाजूला ठेवून त्यांनी वागणुकीकडे, व्यवस्थेच्या वागणुकीकडे, बोट दाखवले.

१९१९ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणाची वागणूक देण्यास बंदी करणारा कायदा केला. तिथे मराठी कायद्याच्या भाषेत ‘क्रूरपणा’ला जोडून ‘वागणूक’ हे नाम आले आहे. ते तसेच यायला हवे होते.

मन, हेतू आणि १९७५

१९५५च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरता होती, पण ती फक्त न्यायिक विभक्ततेसाठी. तिथेही, सोबत राहणे आपल्याला अपायकारक ठरेल अशी वाजवी धास्ती सिद्ध करायची होती. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुण्यातल्या एका दांपत्याचा खटला आला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते यशवंत विष्णू चंद्रचूड. जिवाला आणि अवयवांना धोका ही इंग्रजी अट आपल्या कायद्यात नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. आदर्श पती आणि आदर्श पत्नी न्यायालयापुढे नसतात, समोर हा एक पुरुष आणि ही एक स्त्री असते, हा विचार त्यांनी मांडला. त्या खटल्यात क्रूर वागणूक पत्नीची होती आणि तक्रार पतीची होती, हेही सांगायला हवे. पुढल्याच वर्षी, १९७६ मध्ये, क्रूरता हे घटस्फोटाचे कारण झाले आणि कायद्यातली ती जुनी जोडअट गळून पडली.

इंग्लंडमध्ये १९६३ मध्ये आणखी एक गाठ सुटली होती. एक नवरा आळशी आणि कर्जबाजारी होता. बायकोला दुखवावे असे त्याच्या मनात नव्हते. पण सावकारांच्या तगाद्याने तिची प्रकृती ढासळली. हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की दुखवण्याचा हेतू असलाच पाहिजे असे नाही. ‘माझ्या मनात तसे नव्हते’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी सारखे असते, त्यांनी हा निकाल समजून घ्यावा. आपल्या मनात काय होते याने समोरच्याच्या अंगावर उठलेला वळ पुसला जात नाही.

आणि आता तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलेले ते दोन शब्द. २००७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची काही उदाहरणे नोंदवली. त्यात म्हटले आहे की बोलण्यातला वारंवारचा उद्धटपणा, वागण्यातली चिडचिड, दुर्लक्ष आणि बेफिकिरी ही अशा थराला जाऊ शकतात की संसार असह्य व्हावा. १७९० मध्ये ज्यांना नाव घेऊन बाहेर काढले, तेच शब्द २००७ मध्ये नाव घेऊन आत आले. मधल्या काळात किती जणींनी आणि किती जणांनी कोर्टाची पायरी चढून सांगितले असेल की आम्हाला दुखते आहे, तेव्हा हे झाले. अर्थ असा सोसणाऱ्यांच्या साक्षीतून वाढला.

फौजदारी बाजू आपल्याला चांगली ठाऊक आहे. १९८२ मध्ये पुण्यात ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन झाले आणि त्यातून नारी समता मंचाचे काम उभे राहिले. देशभर हुंडाबळींविरुद्ध आवाज उठत होता. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम आले, आणि आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे. त्या व्याख्येत प्रकृतीला धोका म्हणताना शारीरिक आणि मानसिक हे दोन्ही शब्द आहेत. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. अपमान, चेष्टा, नावे ठेवणे, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणे, हे सारे त्याने कायद्यात लिहून काढले. पैशाची अडवणूकही त्यात आली.

‘तसा तो चांगला आहे’

एवढा कायदा झाला, तरी कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर मला एक वाक्य अजून ऐकू येते. ‘तसे ते चांगले आहेत हो.’ एक पक्षकार बाई मला महिनाभर हेच सांगत होत्या. नवरा दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, चारचौघांत गोड बोलत होता. एकदा सहज विचारले, दुपारी काय जेवता? तेव्हा कळले की तो सकाळी कामावर जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवतो आणि किल्ली खिशात घालून जातो. गॅस वाया जातो म्हणे. दुपारी त्या आणि त्यांची लहान मुलगी सकाळची थंड पोळी खात. मुलीला ताप असताना दूध गरम करायला त्या शेजारी गेल्या, तर त्याने आठ दिवस अबोला धरला. हे सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली गेला, जणू चूक त्यांचीच होती. कोर्टात समोरच्या वकिलांनी विचारले, ‘मारहाणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आहे का?’ नव्हते. कपाटातल्या रेग्युलेटरचे प्रमाणपत्र कुठला डॉक्टर देणार?

त्या बाई खोटे बोलत नव्हत्या. तो माणूस खरोखरच काही बाबतींत चांगला असेल. घोटाळा आपल्या विशेषणाच्या जागेत आहे. आपण ‘क्रूर’ हा शब्द माणसाला लावतो. मग आपल्या डोळ्यांपुढे कंस उभा राहतो, आणि आपला नवरा, आपली सासू, आपला मुलगा, आपले सर कंस नाहीत हे उघडच असते. म्हणून शब्द मागे घेतला जातो आणि त्याबरोबर तक्रारही. तेच विशेषण वागणुकीला लावले तर हा पेच राहत नाही. रेग्युलेटर कपाटात बंद करणे ही क्रूर वागणूक आहे. ते करणारा इतर वेळी देवळात अन्नदान करत असला तरी आहे.

याचा फायदा वागणाऱ्यालाही आहे. ‘तू क्रूर आहेस’ म्हटले की माणूस भांडायला उठतो, कारण त्याच्या सगळ्या आयुष्यावर शिक्का बसतो. ‘हे तू क्रूरपणे वागलास’ म्हटले तर निदान त्या कृतीकडे पाहायला जागा उरते. वागणूक बदलता येते. ज्या घरांत समेट झालेला मी पाहिला, तिथे कुणीतरी त्या कृतीचे नाव घेतले होते आणि दुसऱ्याने ते ऐकून घेतले होते.

हे नाव घेणे आपल्या बायकांना नवे नाही. जात्यावर बसून त्यांनी सासुरवास गायला, आणि सासुरवासात मारापेक्षा शब्द आणि अबोला जास्त आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. मानसिक छळाचा इतका मोठा जबाब कुठल्या कोर्टात नोंदला गेला असेल असे मला वाटत नाही. जाच, जाचहाट, टाकून बोलणे, घालूनपाडून बोलणे, हिडीसफिडीस करणे, पाण्यात पाहणे: हे शब्द त्या घरांतले आहेत. लॉर्ड स्टॉवेल ज्याला क्रूरता मानायला तयार नव्हते, त्याला या बायकांनी केव्हाच नावे देऊन ठेवली होती.

घराबाहेरही हेच आहे. मुलांना ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून मारले, वर्गात उभे करून हसे केले, की आपण त्याला शिस्त म्हणतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. वर्गात ज्याच्या बापाच्या धंद्यावरून हसले गेले, त्या मुलाला ती शिस्त वाटली का, हे त्यालाच विचारायला हवे. म्हाताऱ्या आईचे ताट वेगळे ठेवणारा मुलगाही माणूस म्हणून चांगला असू शकतो, आणि ते वेगळे ताट क्रूरच असते.

शब्दाची राखण

एक सावधगिरी मी मनापासून सांगते. शब्द मोठा झाला की तो स्वस्त होण्याचा धोका असतो. ‘नियतीची क्रूर थट्टा’ म्हणून म्हणून आपण तो आधीच थोडा झिजवला आहे. २००७च्या त्याच निकालात न्यायालयाने बजावले आहे की संसारातली नेहमीची कुरबुर, अधूनमधूनचे भांडण, नुसता थंडपणा ही क्रूरता नाही. एखाद दुसरा प्रसंग सुटा काढून मोजायचा नसतो, वर्षानुवर्षांचे वागणे एकत्र पाहायचे असते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४९८ अ खाली आपोआप अटक करू नये, आधी गरज तपासावी, असेही सांगितले. मी पत्नींच्या बाजूने उभी राहते, आणि पतींच्या बाजूनेही राहिले आहे. खोट्या तक्रारीने सगळ्यात जास्त नुकसान होते ते पुढच्या खऱ्या तक्रारीचे.

मग ओळखायचे कसे? माझ्या कामातून मला तीन प्रश्न उपयोगी वाटले. हे वागणे पुन्हा पुन्हा होते का? ज्याच्यावर होते त्याला तिथून उठून जाता येते का? आणि त्याला दुखते आहे हे समजल्यावर ते थांबले का? भांडण दोन्ही बाजूंनी होते आणि मिटते. क्रूर वागणुकीत एकाला जाता येत नाही आणि दुसऱ्याला थांबायचे नसते. वेदना सांगितल्यानंतर ज्याने वागणे बदलले, त्याच्या बाबतीत हा शब्द मी मागे घ्यायला तयार असते.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी, शेजारी, शाळेत किंवा सोसायटीत कुणी काही सांगायला आले, तर ‘मारतो का?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. ‘तिथे तुझा दिवस कसा जातो?’ असे विचारा, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत पूर्ण ऐका. जे ऐकाल ते तारखेसह लिहून ठेवायला सांगा, संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा सल्ला केंद्रात सोबत जा. आणि त्या कृतीला तिचे नाव द्यायला घाबरू नका. बाईंनी ज्या केंद्रासाठी निवृत्तीनंतरची वर्षे दिली, तिथे अजून स्वयंसेवक हवे आहेत. आजच्या सभेतून चार-दोघांनी जरी तिथे नाव नोंदवले, तरी हे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.